सौम्य देखरेख

निंबसर नगरपरिषदेच्या तक्रार कक्षात बसणाऱ्या प्रफुल्ल खडतऱ्यांकडे जगातल्या सगळ्या दुःखांची कारणं तयार होती. ती त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात असत. एकूण चार होती आणि चारही छापील.

निंबसरला मावशी येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मावशी म्हणजे कोणी बाई नव्हे. सरकारदरबारी तिचं नाव ‘अनिष्ट प्रतिबंधक नागरी प्रणाली’ असं होतं, पण एवढं नाव उच्चारून होईपर्यंत अनिष्ट येऊन चहा पिऊन गेलं असतं. शिवाय ती लोकांच्या घरात सारखं नाक खुपसायची आणि कुणाचं भलं केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तेव्हा गावाने तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे नगराध्यक्षही भाषणांतून तेच म्हणू लागले.

तिचं काम समजायला सोपं होतं. गावातल्या प्रत्येक घराच्या फरशीखाली, दिव्यांत आणि भिंतींत बारीक संवेदक बसवलेले होते. ते पावलांचा भार मोजायचे, गॅसचा वास घ्यायचे, दिव्यातल्या डोळ्याने खोली पाहायचे. त्यावरून पुढच्या वीस मिनिटांत काय काय घडू शकतं याच्या हजारो फांद्या मावशी काढत बसायची. एखादी फांदी अपघाताकडे वळताना दिसली, की ती एक टिचकी मारायची. टिचकी म्हणजे अगदी क्षुल्लक गोष्ट. दिवा लुकलुकायचा, लिफ्ट अर्धा मिनिट अडायची, नाहीतर फोन वाजायचा. जिन्यावरून घसरणार असलेला माणूस फोन घ्यायला थांबायचा, “हॅलो, हॅलो” करायचा, पलीकडे कोणीच नसायचं, आणि तो मावशीला शिव्या घालत सुखरूप खाली उतरायचा. तीन वर्षांत गावातले अपघात पूर्वीच्या शेकडा दहावर आले.

घोटाळा त्या दहांनी केला. पूर्वी माणूस पडला की पडला. नशिबाला बोल लावायचा, फरशीवर तेल सांडणाऱ्या शेजारणीला बोल लावायचा, आणि मलम लावून मोकळा व्हायचा. आता पडलेला प्रत्येक माणूस उठून बसायच्या आधीच विचारायचा, “मावशीला दिसत होतं ना? मग तिनं होऊ कसं दिलं?” असे रोज साठ-सत्तर अर्ज खडतऱ्यांच्या टेबलावर यायचे. हा प्रश्न माणूस हजारो वर्षं आभाळाकडे बघून विचारत आला होता. फरक इतकाच, की आता त्याला पंधरा दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक होतं.

म्हणून ती चार उत्तरं. तीन रविवार खर्ची घालून खडतऱ्यांनी ती स्वतः रचली होती आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान होता. पहिल्यात म्हटलं होतं, की प्रणालीने आपल्या निर्णयस्वातंत्र्याचा आदर केला. दुसऱ्यात, की आपल्या इजेमुळे अन्यत्र मोठा अनर्थ टळला असून व्यापक हित साधले गेले. तिसरं ‘अनुभवातून मनोबलवृद्धी’ असं होतं. ते बहुतेक कुत्रा चावलेल्यांना जायचं. चौथं खास वकिलांसाठी होतं. त्यात प्रणालीचे नियोजन मानवी आकलनापलीकडचे असल्याचं नम्रपणे कळवलेलं असे. खरं कारण प्रत्येक घटनेच्या कारणपत्रात मावशी नोंदवून ठेवायची आणि ते पाहायची कक्षाला मुभाही होती. पण साठ अर्जांची साठ कारणपत्रं कोण उघडत बसणार? खडतरे विषय बघायचे. भाजलं असेल तर पहिलं, पडलं असेल तर दुसरं. खाली सही. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं साफ.

त्यांचं हे सुरळीत चाललेलं काम एका सोमवारी त्यांच्याच घरी पोचलं.

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. एका रविवारी सकाळी त्यांचे सासरे, प्राध्यापक दिनकर भोईटे, म्हणजे नाना, मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी स्टुलावरून पडले. उजवा खुबा मोडला. नानांनी पस्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते घरच्यांना शिकवत होते. ऑपरेशन नीट झालं आणि लेकीने, वृषालीने, त्यांना आपल्या घरी आणलं. हॉलमध्ये खाट पडली. वॉकर आला. नानांनी त्याच्यावर पंचा वाळत घातला.

सोमवारी खडतरे जेवायला घरी आले, तेव्हा नाना उशाला टेकून एक पत्र वाचत होते. चेहरा इतका प्रसन्न, की खडतरे उंबऱ्यातच थांबले.

“या प्रफुल्लराव. तुमच्या कक्षाचं पत्र आलंय मला. वाचू? ‘महोदय किंवा महोदया.’ यातलं एक खोडायचं असतं बहुधा. की माझ्याबाबत कक्षाला शंका आहे?”

“नाना, तुम्ही अर्ज केला होता?”

“केला होता. शेजारच्या कदमांकडून टपालात टाकला. ‘आपणास झालेल्या इजेमुळे अन्यत्र मोठा अनर्थ टळला असून व्यापक हित साधले गेले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ सहकार्य! मी खुबा मोडून सहकार्य केलं. आणि खाली सही कुणाची आहे बघ गं, वृषाली.”

वृषालीने पत्र हातात घेतलं. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याची सही ओळखायला चष्मा लागत नाही. नवऱ्याच्या ताटात पोळी जरा जोरात पडली.

“दिवसाला साठ असतात हो,” खडतरे म्हणाले. “नाव कुठे वाचतो मी?”

“ते दिसतंच आहे,” नाना म्हणाले. “आता माझा प्रश्न नीट ऐका. मुलांना मी हा देवाबद्दल शिकवायचो. तेव्हा तक्रार कक्ष नव्हता, त्यामुळे कुणाची अडचण व्हायची नाही. स्टुलाचा पाय सैल आहे, हे मावशीला ठाऊक नव्हतं? मग ती सर्वज्ञ कसली. ठाऊक होतं, पण फोन वाजवणं तिला जमलं नाही? मग ती समर्थ कसली. ठाऊक होतं, जमत होतं, तरी केलं नाही? मग ती मावशी कसली! तीनपैकी कुठलं, ते मला लेखी हवंय. तोवर मी या खाटेवरून उठणार नाही.”

“नाना, हट्ट करू नका,” वृषाली म्हणाली. “राजमाने डॉक्टरीण काय म्हणाल्या? या पंधरवड्यात पाय जमिनीला टेकला नाही तर मग जन्मभर—”

“मला माहिती आहे काय म्हणाल्या. मी का पडलो, हे कळल्याशिवाय मी का उठायचं, हे मला ठरवता येत नाही.”

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, म्हातारबाबा दोन दिवसांत नमतील. चार दिवस गेले. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, नाना तिला अनुमानाचे प्रकार शिकवायचे आणि ती निघून जायची. नाना थट्टा करत होते, पण त्यांच्या पिंढऱ्या काडीसारख्या होत चालल्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी वृषालीने चादर बदलताना त्यांना कुशीवर व्हायला सांगितलं आणि त्यांना वळताच आलं नाही, तिलाच वळवावं लागलं. ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून रडली.

“एक काम करा,” ती नवऱ्याला म्हणाली. “त्यांना खरं काय ते आणून द्या. नाहीतर मला उत्तर क्रमांक तीन पाठवा. माझं मनोबल वाढवा.”

खडतरे त्या दिवशी पहिल्यांदा जिना उतरून कचेरीच्या तळघरात गेले. तिथे मावशीची यंत्रं होती आणि ती सांभाळणारी इंजिनीअर शाहीन मुजावर होती. वय सव्वीस, टेबलावर डबा, पाय खुर्चीवर.

“कारणपत्र?” ती म्हणाली. “साहेब, तीन वर्षांत कारणपत्र मागायला आलेले तुम्ही पहिलेच. मला वाटायचं, ते तुम्हाला पाठ असतात.”

“चेष्टा करू नकोस. उघड. भोईटे, दिनकर रामचंद्र.”

“उघडते. पण एक सांगते. माणसाला वाटतं, मावशीला सगळं दिसतं म्हणजे सगळं तिच्या हातात आहे. तसं नसतं. एक टिचकी मारली की पुढच्या सगळ्या फांद्या हलतात. इथला फोन वाजवला तर तिथला माणूस उशिरा निघतो. म्हणून कधीकधी ती लहान इजा होऊ देते, मोठी टाळायला. तुमचं ते व्यापक हित.”

“मग ते खरं असतं तर!” खडतऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

“मी गंमत म्हणून तुमची शंभर उत्तरं ताडून पाहिली होती. शंभरात दोन खरी निघाली. बाकी कुठे वायर उंदराने खाल्लेली, कुठे मावशीचा अंदाज चुकलेला, कुठे तिला कुणी गप्प बसवलेलं.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे घ्या तुमचं.”

कारणपत्र सात ओळींचं होतं. ‘नऊ वाजून चार मिनिटे. स्टुलाचा पाय सैल. पडण्याची शक्यता शेकडा एकाहत्तर. टिचकी उपलब्ध: फोन. या घरी देखरेख: सौम्य. सौम्य देखरेखीत, धोका माणसाला ठाऊक नसेल तरच टिचकी मारावी. स्टुलावर माणसाच्याच अक्षरात चिठ्ठी: पाय सैल आहे, चढू नये. धोका ठाऊक; टिचकी मना. पडण्यापूर्वी नऊ सेकंद रुग्णवाहिका बोलावली.’

“सौम्य देखरेख कुणी लावली?” खडतऱ्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आठवलं.

“अर्जाशिवाय लागत नाही ती. तक्रार कक्षाची सही लागते.” शाहीनने अर्ज उघडला. सही झोकदार होती.

एप्रिलमधली गोष्ट. नाना रोज अकराच्या सुमाराला कक्षात फोन करायचे. तुमची मावशी वाचू देत नाही, आज चौदा वेळा फोन वाजवला, चष्मा शोधायला वाकलो तरी वाजवते. रोज वीस मिनिटं. शेवटी खडतऱ्यांनी एक अर्ज ओढला, ‘सौम्य’पुढे खूण केली आणि सही ठोकली. नानांनी तसं मागितलंही नव्हतं आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अकराचा फोन बंद झाला आणि खडतरे शांतपणे चहा पिऊ लागले.

घरी जाताना ते दोन्ही बाजू तोलत होते. खरं सांगावं तर बायकोच्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा? आणि नाना तर ती सही मरेपर्यंत परजत राहतील. पण काही सांगितलं नाही तर नाना उठणार नाहीत. आठवडी बाजाराचा चौक ओलांडताना समोरून पाण्याचा टँकर गेला आणि खडतऱ्यांना एकदम सुचलं. त्यांच्या कल्पनाशक्तीला तीन वर्षं एकाच प्रकारचं वळण लागलेलं होतं, त्याला ते तरी काय करणार!

“नाना,” खाटेशेजारी खुर्ची ओढून ते म्हणाले, “कारणपत्र पाहिलं. कसं सांगू कळत नाही. तुम्ही पडलात म्हणून मी वाचलो.”

वृषालीच्या हातातला कप थांबला. नानांनी चष्मा चढवला.

“बाजाराच्या चौकात सव्वानऊला ब्रेक निकामी झालेला टँकर आला होता. मी कचेरीला निघालो असतो तर बरोबर त्याच्या खाली सापडलो असतो. तुम्ही पडलात, वृषालीने हाक मारली, आम्ही तुमच्याकडे धावलो. तुमच्या खुब्याने माझा जीव वाचवला, नाना.” बोलता बोलता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसू लागला.

नाना म्हणाले, “फार थोर आहे हे. दोनतीन बारीक शंका आहेत. ब्रेक निकामी आहेत, हे मावशीला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग टँकर सुरूच का होऊ दिला?”

“तो... तो थांबवला असता तर गावाला पाणी नाही. पाण्यावरून भांडणं, डोकी फुटणं...”

“मान्य. मग तुम्हालाच थांबवायचं. माझा खुबा मोडण्यापेक्षा तुमचा फोन वाजवणं सोपं नव्हतं?”

“गाडीवर असताना ते कधी फोन उचलतात!” वृषाली म्हणाली.

“हा एक मुद्दा तुमच्या बाजूचा,” नाना उदारपणे म्हणाले. “शेवटची शंका. मी पडलो तो रविवार होता. रविवारी सव्वानऊला तुम्ही कुठल्या कचेरीला निघाला होतात, प्रफुल्लराव?”

खडतऱ्यांनी खिशातून कारणपत्राची प्रत काढली आणि नानांच्या हातात ठेवली. मग अर्जाची प्रत ठेवली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही क्रमांकाविना, त्यांनी सगळं सांगून टाकलं. एप्रिल, अकराचे फोन, चहा, सही.

वृषाली उठून आत गेली. खडतरे मान खाली घालून बसले. ती आता बॅग भरते की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ती बाहेर आली, तिच्या हातात कोरा कागद आणि पेन होतं.

“लिहा,” ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. “गावभर सगळ्यांना लिहिता ना? यांनाही लिहा.”

“वृषाली, हे कागदावर आलं तर साहेब माझी चौकशी लावतील.”

“लावू देत. माझ्या बापाला तुम्ही चहासाठी पाडलंत.”

खडतऱ्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. नमुनेदार मराठी हे त्यांचं सगळं भांडवल, पण आज एकही नमुना हाताशी येईना. अर्ध्या तासाने त्यांनी कागद पुढे केला. नाना मोठ्याने वाचू लागले.

“‘महोदय.’ वा, महोदया गेली. ‘आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. मावशीला ठाऊक होते. तिला जमत होते. तिची इच्छाही होती. तिला मी गप्प बसवले होते, कारण मला तुमचे फोन नको होते. तुम्ही पडलात यात कोणाचेही हित झाले नाही. कोणताही अनर्थ टळला नाही. तुमचे मनोबल वाढवण्याचा कोणाचा हेतू नव्हता. चूक मी केली. नाना, मला माफ करा.’”

नानांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं. मग कारणपत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“नऊ सेकंद आधी,” ते म्हणाले. “तरीच गाडी एवढ्या लवकर आली. मी जमिनीवर आडवा होतो आणि दारात भोंगा. मला वाटलं, शुद्ध हरपली असेल मधे.” त्यांनी कागद खाली ठेवला. “बिचारीचे हात बांधलेले होते. तरी जेवढं करता आलं तेवढं केलं तिनं. आणि मी महिनाभर तिला नावं ठेवतोय.”

“चिठ्ठी तुम्हीच लावली होतीत, नाना,” वृषाली न राहवून म्हणाली. “चढू नये म्हणून. आणि तुम्हीच चढलात.”

“ते मी नाकारत नाही. पण तो वेगळा विषय आहे.” नाना जावयाकडे वळले. “प्रफुल्लराव, पस्तीस वर्षं मी मुलांना तीनच शक्यता शिकवल्या. ठाऊक नाही, जमत नाही, किंवा करायचं नाही. चौथी मला सुचलीच नाही. मधे बसलेल्या कारकुनाने न विचारता सही केली. देवाच्या बाबतीतही ही कुणी तपासलेली दिसत नाही.”

खडतऱ्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी नाक पुसलं.

“म्हणजे माफ केलंत?”

“घाई करू नका. पत्रावर जावक क्रमांक कुठे आहे?”

“नाना, हे मी आत्ता घरी लिहिलंय.”

“मग याला किंमत काय? उद्या तुमचे साहेब म्हणतील, असं पत्र कक्षातून गेलंच नाही. मला जावक क्रमांक पाहिजे आणि गोल शिक्का पाहिजे.”

“मी उद्या घालून आणतो.”

“तुम्ही? तुमच्या सही-शिक्क्यावर मी परत भरवसा ठेवू? मी स्वतः येणार. समोर उभा राहून मारून घेणार.” नानांनी वॉकरवरचा पंचा ओढून काढला. “कक्ष कितव्या मजल्यावर आहे?”

“दुसऱ्या. आणि लिफ्ट मावशी सारखी अडवते.”

“मग आज दारापर्यंत. उद्या अंगणापर्यंत. ज्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर पोचेन, त्या दिवशी माफी. बघता काय? उठवा मला.”

वृषालीने त्यांचे पाय खाटेवरून खाली सोडले. नानांचा डावा पाय जमिनीला टेकला, मग उजवा. दुखलं असावं; दात ओठांवर आले, पण ते बोलले नाहीत. खडतऱ्यांनी एक हात त्यांच्या पाठीमागून घातला, दुसरा दंडाखाली धरला. नाना उभे राहिले. गदगदा हलत होते, पण उभे होते.

पहिलं पाऊल टाकणार तोच फोन खणखणला. तिघेही जागच्या जागी थांबले. पुढ्यातल्या सतरंजीचं टोक दुमडून वर आलं होतं. वृषालीने ते पायाने सरळ केलं. फोन थांबला.

“वाजवत जा गं,” नाना दिव्याकडे बघून म्हणाले. “काही हरकत नाही.”

मग त्यांनी आपला दंड सांभाळून, काचेचं भांडं उचलावं तसा धरणाऱ्या जावयाकडे पाहिलं.

“आणि तुम्ही जरा घट्ट धरा, प्रफुल्लराव,” ते म्हणाले. “सौम्य पुरे झालं.”